आठ वर्षांच्या खंडानंतर एचआरमध्ये परत : दोन पायऱ्या खालचा हुद्दा घ्यावा की थांबावे?

रानजाई (१२ जानेवारी)

नमस्कार. मी चिंचवडला राहते. २००८ मध्ये पुण्यातून एमपीएम (मनुष्यबळ व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी) झाले आणि मार्च २००९ पासून जानेवारी २०१८ पर्यंत नोकरी केली. पहिली चार वर्षे चाकणला, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात होते. टाइम ऑफिस, हजेरी, ओव्हरटाइम, कंत्राटी कामगारांची कागदपत्रे, कँटीन कमिटी आणि शेवटी शेवटी युनियनबरोबरच्या पगारवाढीच्या कराराच्या बैठका, असे सगळे काम तिथे हाताखालून गेले. २०१३ मध्ये हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत गेले आणि नोकरी सोडली तेव्हा असिस्टंट मॅनेजर होते.

माझी मुलगी जून २०१७ मध्ये झाली. त्याच वर्षी १ एप्रिलपासून प्रसूतीची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली होती, आणि कंपनीत सर्वांना ते कळवणारे परिपत्रक मीच लिहिले होते. पाळणाघराचे कलमही त्यात होते. ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असतील तिथे १ जुलै २०१७ पासून ती सोय हवी होती. आमच्याकडे सोय म्हणजे बाणेरच्या एका पाळणाघराशी केलेला करार होता. कायद्याने आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येते, पण हिंजवडीच्या तिसऱ्या फेजमधून बाणेरला एकदा जाऊन यायलाच दीड तास लागे. रजा संपल्यावर दोन महिने मी ते करून पाहिले. मोठा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता, त्याला बोलायला उशीर होत होता आणि त्यासाठी आठवड्यातून तीनदा थेरपीला न्यावे लागे. जानेवारीत राजीनामा दिला. तो निर्णय चुकला असे मला आजही वाटत नाही.

आता मुलगा सातवीत आहे, नीट बोलतो, आणि मुलगी तिसरीत आहे. सप्टेंबरपासून मी ४० ठिकाणी अर्ज केले. तीन मुलाखती झाल्या आणि त्यांतून एक ऑफर आली. भोसरी एमआयडीसीतला सुमारे १२० कामगारांचा कारखाना आहे. हुद्दा ‘एचआर एक्झिक्युटिव्ह’, म्हणजे मी जिथे होते त्याच्या दोन पायऱ्या खाली, आणि पगार २०१८ मध्ये मिळत होता त्याहून कमी. उत्तर द्यायला दहा दिवस आहेत. ही ऑफर घ्यावी की थांबावे? आणि आठ वर्षांचा हा खंड बायोडेटात कसा लिहावा?

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय हा प्रश्न विचारणे मला योग्य वाटत नाही. २०१५ मध्ये एका जागेसाठी आलेले बायोडेटा मी चाळत होते. आमच्या एक्सेलमध्ये ‘गॅप’ नावाचा रकाना होता आणि त्यात दोन वर्षांहून मोठा आकडा आला की ती ओळ ‘होल्ड’मध्ये जाई. तसा लेखी नियम कुठेच नव्हता. एका बाईंनी अर्जाच्या शेवटी लिहिले होते, ‘मुलगा आता पूर्ण वेळ शाळेत जातो, त्यामुळे वेळेची अडचण नाही.’ मी ते वाक्य वाचले आणि त्यांना फोन केला नाही. गेल्या महिन्यात माझ्या स्वतःच्या अर्जात मी जवळजवळ तेच वाक्य लिहिले, आणि लिहून झाल्यावर खोडले.

सातपूरकर (१२ जानेवारी)

रानजाईताई, मी नाशिकला एका कारखान्यात एचआर सांभाळतो आणि या कामात मला २२ वर्षे झाली. माझे मत स्पष्ट आहे : ऑफर घ्या.

कारण सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या आणि २९ केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. वेतनाची व्याख्या बदलली. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांवर गेले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा आहे, आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांनुसार मिळणारी रक्कम, त्यावर मोजायची आहे. राजीनामा दिलेल्या माणसाचे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करायचे आहे. आमच्याकडे फुल अँड फायनलला, म्हणजे शेवटच्या हिशेबाला, दीड महिना लागणे ही रीतच होती. मुदतीच्या करारावरच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आहे. प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायचे आहे. स्थायी आदेश, म्हणजे कारखान्यातल्या सेवाशर्तींचे लेखी नियम, बंधनकारक होण्याची मर्यादा ३०० कामगारांवर गेली आहे. माझ्या विभागात १५ वर्षे काढलेली माणसे आज पहिल्या पानापासून वाचत बसली आहेत. तुमचा खंड सर्वांत कमी जाणवेल असा काळ हाच आहे, कारण आता सगळेच नव्याने शिकत आहेत.

१२० कामगारांच्या कारखान्यात हे सगळे एकट्या माणसाच्या टेबलावर येते. दोन वर्षांत तुम्हाला जे शिकायला मिळेल ते मोठ्या कंपनीत एका खिडकीत बसून मिळणार नाही.

नवी वही (१२ जानेवारी)

सातपूरकरांचा मुद्दा कामाच्या दृष्टीने बरोबर आहे, पण हुद्द्याच्या बाबतीत मी त्यांच्याशी सहमत नाही, आणि हे अनुभवाने सांगते.

चार वर्षांच्या खंडानंतर २०२० मध्ये मी दोन पायऱ्या खाली रुजू झाले. आत तर जाऊ, पुढे बघता येईल, असे तेव्हा मनाशी म्हटले होते. काम मी पहिल्या महिन्यापासून वरच्या पायरीचे केले. माझ्या साहेबांनाही ते मान्य होते. पण वार्षिक वाढ टक्क्यांत मिळते आणि टक्के चालू पगारावर मोजतात, त्यामुळे तीन वर्षांनी मी माझ्या २०१६ च्या पगारापर्यंत कशीबशी पोहोचले. दुसरीकडे अर्ज केला तर तिथे विचारत, ‘सध्याचा हुद्दा काय, सध्याचे सीटीसी, म्हणजे कंपनीला पडणारा एकूण वार्षिक पगारखर्च, किती?’ आधीची सात वर्षे कोणी मोजेना. खंडापेक्षा तो खाली उतरलेला हुद्दा मला जास्त महागात पडला.

म्हणून ताई, योग्य हुद्द्यावर सहा महिन्यांचे कंत्राटी काम मिळत असेल तर ते आधी बघा. आणि ते ‘गॅप’ रकान्याचे वाचून मला राहवले नाही. आज दुपारी आमची भरतीची शीट उघडली. रकाना आहे. १२ महिन्यांच्या वर आकडा गेला की चौकोन लाल होतो. तो कोणी घातला हे आमच्या टीममध्ये कोणालाच सांगता आले नाही.

हस्ताक्षर (१२ जानेवारी)

हुद्दा आणि पगार यांपैकी कोणती गोष्ट तुम्हाला जास्त खुपते आहे? मालकाशी बोलताना दोन्ही एकदम मागितल्यास दोन्ही जातील.

रानजाई (१२ जानेवारी)

हस्ताक्षर, खरे सांगायचे तर हुद्दा. पगार कमी असला तरी आमचे घर चालते. पण व्हिजिटिंग कार्डावर २०११ मध्ये जे लिहिलेले होते तेच पुन्हा वाचायचे, हे मनाला लागते.

चाळणी (१३ जानेवारी)

मी भरती करणाऱ्या एका एजन्सीत काम करतो आणि दिवसाला शंभरेक बायोडेटा बघतो, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो.

खंड लपवू नका आणि सजवूही नका. नोकऱ्या ज्या पद्धतीने लिहिता त्याच पद्धतीने, त्याच अक्षरात, कालावधीसह एक ओळ लिहा : ‘जानेवारी २०१८ ते आजपर्यंत, मुलांच्या संगोपनासाठी घेतलेला खंड.’ खाली त्या काळात शिकलेली एखादी खरी गोष्ट असेल तर ती, नसेल तर काही नाही. काही जणी ‘गृहव्यवस्थापनातून नेतृत्वगुण’ असे लिहितात. त्यामागची भावना मला कळते, पण बायोडेटा चाळणारा माणूस तिथे अडखळतो. लिंक्डइनवर २०२२ पासून ‘करिअर ब्रेक’ म्हणून वेगळी नोंद करता येते, ती करा. दोन नोकऱ्यांच्या तारखा ओढून एकमेकींना भिडवणे मात्र कधीही करू नका. पार्श्वभूमी तपासणीत पीएफच्या नोंदीवरून ते लगेच कळते आणि मिळालेली नोकरी जाते.

नोकरीच्या संकेतस्थळावरील तुमची माहिती दर आठवड्याला उघडून काहीतरी अद्ययावत करा. आम्ही शोध घेतो तेव्हा अलीकडे सक्रिय असलेले उमेदवार आधी बघतो, आणि चार महिन्यांपूर्वी भरून ठेवलेला उत्तम बायोडेटाही मागे पडतो.

तुमच्या बाजूची एक मोठी गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. आयटीत तीन महिन्यांचा नोटिस पिरियड असतो आणि त्या तीन महिन्यांत निम्मे उमेदवार दुसरी ऑफर घेऊन निघून जातात. तुम्ही उद्या सकाळी रुजू होऊ शकता. ते पहिल्या पानावर, नावाच्या खाली लिहा.

आकडेमोड (१३ जानेवारी)

थोडा वेगळा प्रश्न विचारतो. मध्यंतरी पीएफ काढला का?

रानजाई (१३ जानेवारी)

नाही. यूएएन, म्हणजे सर्व नोकऱ्यांसाठीचा पीएफचा एकच क्रमांक, आहे आणि रक्कम तशीच आहे. का विचारता?

आकडेमोड (१३ जानेवारी)

कारण मार्च २००९ ते जानेवारी २०१८ म्हणजे सुमारे ८ वर्षे १० महिने होतात. पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेत ५८ व्या वर्षापासून निवृत्तिवेतन मिळायचे असेल तर किमान १० वर्षांची सेवा लागते. तुम्ही सव्वा वर्षावर थांबला आहात. अनेक जणी खंडाच्या काळात पीएफबरोबर पेन्शनचीही रक्कम काढून घेतात आणि मग मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. तुम्ही काढली नाही, हे फार बरे झाले. भोसरीत रुजू झालात आणि तोच यूएएन दिलात, तर पुढच्या वर्षाच्या वसंतात तुमची १० वर्षे पूर्ण होतील. मालकाच्या हिश्श्यातले महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये त्या खात्यात जातात, म्हणजे रक्कम मोठी नसते. पण हक्क जन्मभराचा असतो.

आता खरी अडचण. यूएएन ऑक्टोबर २०१४ मध्ये सुरू झाला. तुमची चाकणची चार वर्षे त्याआधीची आहेत. २०१३ मध्ये नोकरी बदलताना ते जुने खाते हिंजवडीच्या खात्यात हस्तांतरित केले होते का? केले नसेल तर आज पोर्टलवर तुमची सेवा पाच वर्षांचीच दिसत असेल. आजच सेवेचा इतिहास उघडून बघा. आणि नव्या ठिकाणी ११ नंबरचा फॉर्म भरताना ‘पूर्वी सदस्य होतो’ या रकान्यात ‘होय’ लिहा. घाईत ‘नाही’ लिहिले जाते आणि दुसरा यूएएन तयार होतो.

रानजाई (१३ जानेवारी)

पाहिले. पाचच वर्षे दिसतात. शेकडो लोकांचे ११ नंबरचे फॉर्म मी भरून घेतले आणि स्वतःची चार वर्षे बाहेर राहिली. जुना पीएफ क्रमांक शोधते.

मध्यलय (१४ जानेवारी)

येथे सर्वांनी धीर दिला आहे आणि तो द्यायलाच हवा, पण समोरच्या बाजूने काय दिसते तेही कोणीतरी सांगायला हवे. मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत एचआरच्या मुलाखती घेतो.

मुले वाढवली याबद्दल माझ्या मनात आदरच असतो. शंका निराळी असते. २०१८ मध्ये ज्यांचे काम थांबले त्यांना पगारपत्रकात नवी करप्रणाली माहीत नसते. २०२३-२४ पासून तीच मूळ धरली जाते आणि जुनी हवी असेल तर कर्मचाऱ्याने सांगावे लागते. महाराष्ट्रात २५,००० रुपयांपर्यंत मासिक पगार असलेल्या महिलांना एप्रिल २०२३ पासून व्यवसाय कर नाही, हे माहीत नसते. डिजिटल स्वरूपातल्या खासगी माहितीबाबत २०२३ चा कायदा आणि नोव्हेंबर २०२५ चे नियम आले, आणि आपण आधारच्या स्कॅन केलेल्या प्रती कोणालाही उघडता येतील अशा ठेवत होतो ते यापुढे चालणार नाही. हजेरी, रजा, मूल्यमापन, सगळे डार्विनबॉक्स, केका, ग्रेटएचआर यांसारख्या संगणक प्रणालींवर गेले. मागच्या वर्षी मी एका अत्यंत अनुभवी बाईंना विचारले, ‘तुमच्या वेळच्या कामात आणि आजच्या कामात काय फरक पडला असे तुम्हाला वाटते?’ त्या म्हणाल्या, ‘मूळ काम तेच आहे.’ ते अर्धे खरे आहे, पण त्या उत्तरावर मला त्यांची निवड करता आली नाही. मला ते आजही वाईट वाटते.

रानजाई (१४ जानेवारी)

मध्यलय, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तो प्रश्न मला एका मुलाखतीत विचारला गेला आणि मी जवळजवळ हेच उत्तर दिले. तुमच्या यादीतल्या दोन गोष्टी मला आत्ता तुमच्याकडूनच कळल्या. सध्या मी संहिता वाचते आहे. एका बाजूला जुने कलम, दुसऱ्या बाजूला नवे आणि मधे १२० कामगारांच्या कारखान्याला काय लागू, अशी वही केली आहे. ३८ पाने झाली आहेत.

सातपूरकर (१४ जानेवारी)

ती वही मुलाखतीला घेऊन जा. मी अगदी मनापासून सांगतो आहे. कामगार कायदे आणि कामगार कल्याणाची पदविका, म्हणजे आपण ज्याला डीएलएल म्हणतो ती, पुढे जरूर करा, पण त्यासाठी नोकरी थांबवू नका.

जुनी नोंदवही (१४ जानेवारी)

मी आता ७१ वर्षांची आहे. ठाण्याच्या एका कारखान्यात कल्याण अधिकारी म्हणून निवृत्त झाले. १९४८ च्या कारखाने कायद्यात ५०० किंवा त्याहून अधिक कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी आणि ३० हून अधिक स्त्री कामगार असतील तिथे पाळणाघर अशी कलमे होती, आणि दोन्ही माझ्या वाट्याला आली.

आमचे पाळणाघर पॅकिंग विभागाच्या मागे होते. छताला लोखंडी हूक, त्यांना लुगड्यांच्या झोळ्या, आणि भिंतीला दुधाच्या बाटल्यांची फळी. प्रत्येक झोळीखाली खडूने आईचा टोकन नंबर लिहिलेला असे. अकरा वाजता आणि साडेतीन वाजता बायका येत, हात धुऊन बाळाला घेत आणि वीस मिनिटांनी पुन्हा लाइनवर उभ्या राहत. मूल झाले म्हणून नोकरी सोडलेली बाई माझ्या नोंदवहीत क्वचितच सापडेल. त्यांना ‘परत’ यावे लागलेच नाही, कारण त्या गेल्याच नव्हत्या. रानजाई, तुझ्या कंपनीचे पाळणाघर बाणेरला होते म्हणून तुझी आठ वर्षे गेली, असे मला वाचताना वाटत राहिले. ते खाली तळमजल्यावर असते तर आज हा धागा नसता.

मी स्वतः मात्र कार्यालयात होते आणि मला १९८४ ते १९८९ घरी बसावे लागले, कारण ते पाळणाघर कामगारांसाठी होते, अधिकाऱ्यांच्या मुलांना तिथे ठेवण्याची पद्धत नव्हती. परत आले ती साध्या कारकुनाच्या जागेवर. हुद्दा परत मिळायला सात वर्षे लागली. नवी वही म्हणते ते खोटे नाही. पण त्या सात वर्षांत मी कामगारांची भाषा शिकले आणि पुढची सगळी नोकरी मी त्यावर केली.

दूरदेशी (१५ जानेवारी)

आजी, त्या खडूच्या नंबरांनी डोळ्यांत पाणी आले.

मी टोरांटोला असते. इथे पालकत्वाची रजा १८ महिन्यांपर्यंत लांबवता येते, आणि त्यामुळे एक वाट आपोआप तयार झाली आहे : रजेवर गेलेल्या बाईच्या जागी वर्ष-दीड वर्षासाठी माणूस घेतात, त्या जागांची जाहिरातही तशीच देतात. खंडानंतर परतणाऱ्या कितीतरी जणी त्याच दाराने आत येतात. मीही तशीच आले. कंपनीला धोका कमी वाटतो, आपल्याला पूर्ण हुद्दा मिळतो आणि मुदत संपल्यावर हातात ताजा अनुभव असतो. आधी ओंटारियोचे रोजगार कायदे शिकून सीएचआरपीची, म्हणजे इथल्या एचआरच्या व्यावसायिक प्रमाणपत्राची, परीक्षा द्यावी लागली, कारण भारतातले कायद्याचे ज्ञान इथे उपयोगी पडत नाही.

पुण्यात २६ आठवड्यांच्या रजेवर एचआरमधल्या कितीतरी जणी जात असतील. त्यांच्या जागी कोण बसते? नवी वही ज्या सहा महिन्यांच्या कामाबद्दल बोलल्या, ते तिथेच आहे असे मला वाटते.

चाळणी (१५ जानेवारी)

दूरदेशी, बहुतेक ठिकाणी कोणीच बसत नाही. शेजारच्या टेबलावरच्या माणसावर ते काम टाकतात. पण मागणारे कोणी आले तर देणारे मिळतील, हे मला पटते. मी माझ्या दोन ग्राहक कंपन्यांशी याबद्दल नक्की बोलेन. मोठ्या समूहांमध्ये खंडानंतर येणाऱ्या स्त्रियांसाठी वेगळे कार्यक्रमही आहेत, टाटा समूहाने २००८ मध्येच तसा सुरू केला होता. मात्र त्यांत जागा मोजक्या असतात आणि एचआरच्या त्याहून मोजक्या.

प्रांजळ (१५ जानेवारी)

मी पुरुष आहे आणि मुलीच्या जन्मानंतर दीड वर्ष घरी होतो, कारण पत्नीची नोकरी माझ्यापेक्षा स्थिर होती. परत अर्ज केले तेव्हा तीन ठिकाणी मला विचारले, ‘आजारी होता का?’ मी कारण सांगितल्यावर समोरच्यांनी पुढचा प्रश्नच विचारला नाही. बायकांना निदान ‘मुलांकडे कोण बघणार’ असे विचारतात. माझ्याकडे त्याचे उत्तर असूनही कोणी विचारले नाही. ताई, तुम्हाला तो प्रश्न आला का?

रानजाई (१५ जानेवारी)

तीनपैकी दोन ठिकाणी आला. एका ठिकाणी तर मुलांची वये विचारून पॅडवर लिहून घेतली. मी सासूबाई, पाळणाघर, शेजारच्या काकू असे सगळे सांगत बसले आणि बाहेर पडल्यावर लक्षात आले की माझ्या कामाबद्दल बोलायला दहा मिनिटेही उरली नव्हती.

हस्ताक्षर (१५ जानेवारी)

घरच्या व्यवस्थेचा तपशील देऊच नका. ‘कामाची वेळ मला मान्य आहे आणि मी ती पाळेन,’ एवढे एक वाक्य बोला आणि थांबा. शांतता झाली तर ती होऊ द्या.

मध्यलय (१६ जानेवारी)

मुलाखत घेणाऱ्या बाजूनेही सांगतो : तो प्रश्न विचारायचा नाही, हे आम्ही आमच्या पॅनेलला मागच्या वर्षीपासून लेखी दिले आहे. रानजाईंचे ते पॅडवर वये लिहून घेण्याचे वाचून मला आमच्या जुन्या मुलाखतींची आठवण झाली आणि शरम वाटली.

मूळ प्रश्नाबद्दल माझे मत असे की त्यांनी भोसरीला आणखी एकदा भेटून हुद्द्याबद्दल बोलावे. लहान कारखान्यात पगाराची चौकट घट्ट असते, पण हुद्दा मालकाच्या हातात असतो. नवी वहींचा तीन वर्षांचा अनुभव टाळायचा असेल तर बोलणे नेमणूकपत्रात उतरवून घ्यावे, कारण आता नेमणूकपत्र सर्वांनाच द्यायचे आहे. तोंडी आश्वासनावर रुजू होऊ नये.

नवी वही (१६ जानेवारी)

हे झाले तर माझा विरोध राहत नाही. पेन्शनचा मुद्दा मी माझ्या वेळी विचारातच घेतला नव्हता. मी तर सगळी रक्कम काढली होती.

रानजाई (२१ जानेवारी)

उशिरा लिहिते आहे, क्षमस्व.

सोमवारी भोसरीला जाऊन आले. वही घेऊन गेले होते. मालकांचे चिरंजीव आता कारभार बघतात. ते ३८ पाने उलटत राहिले आणि मधेच थांबून म्हणाले, ‘मुदतीच्या करारावरच्या लोकांना एका वर्षात ग्रॅच्युइटी, हे आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते.’ त्यांच्याकडे तसे १९ जण आहेत. नंतर पाऊण तास आम्ही फक्त कामाबद्दल बोललो. मुलांचा विषय निघाला नाही.

हस्ताक्षर यांनी सांगितल्याप्रमाणे एकच गोष्ट मागितली, ती हुद्द्याची. असिस्टंट मॅनेजर द्यायला ते तयार झाले नाहीत. ‘सीनियर एक्झिक्युटिव्ह’ आणि सहा महिन्यांनी हुद्दा व पगार या दोन्हींचा आढावा, असे नेमणूकपत्रात लिहून दिले आहे. पगार होता तेवढाच आहे. मला जे हवे होते त्यातले अर्धे मिळाले आणि मी होकार कळवला आहे. २ फेब्रुवारीला रुजू होते.

चाकणचा पीएफ क्रमांक सापडला. २०११-१२ ची पीएफची पावती लग्नाच्या अल्बमबरोबर ट्रंकेत होती, कोपरा कुरतडलेला होता पण आकडे शाबूत आहेत. आकडेमोड, पुढे काय करायचे ते सांगाल का? आणि सातपूरकर, एक शंका तुम्हाला. तिथे १२० माणसे आहेत, त्यांत २७ स्त्रिया, आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नाही. २०१३ च्या कायद्याप्रमाणे १० कर्मचारी असले तरी ती हवी. अध्यक्ष म्हणून वरिष्ठ स्त्री हवी, आणि मी रुजू झाल्यावर कार्यालयातली सर्वांत वरिष्ठ स्त्री मीच असेन. समितीची अध्यक्ष आणि एचआर एकच असणे मला बरोबर वाटत नाही. तुम्ही काय केले असते?

आकडेमोड (२१ जानेवारी)

अभिनंदन. पावतीचा स्पष्ट फोटो काढून ठेवा. हिंजवडीच्या खात्यात हस्तांतराचा १३ नंबरचा दावा करावा लागेल. जुन्या कारखान्याकडील नोंदीत तुमचे नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणेच आहे का, ते आधी बघा. लग्नाआधीचे नाव असेल तर दावा तिथेच अडकतो.

रानजाई (२१ जानेवारी)

माहेरचेच नाव आहे.

आकडेमोड (२१ जानेवारी)

मग आधी संयुक्त घोषणापत्राने नाव दुरुस्त करावे लागेल आणि त्यावर चाकणच्या कारखान्याची मान्यता लागेल. त्यांच्या टाइम ऑफिसमध्ये तुमच्या वेळचे कोणी अजून असेल तर आजच फोन करा.

सातपूरकर (२२ जानेवारी)

तुमची शंका रास्त आहे. कारखान्यात वरिष्ठ स्त्री नसेल तर त्याच मालकाच्या दुसऱ्या कार्यालयातून किंवा शाखेतून अध्यक्ष घेता येते. त्यांचे दुसरे युनिट आहे का, ते विचारा. नसेल तर अध्यक्षपद तुम्हीच घ्या, पण बाहेरच्या सदस्य अनुभवी निवडा आणि तक्रार थेट त्यांच्याकडेही देता येईल असे सूचनाफलकावर लिहा. सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि त्यांतली एक तरी लाइनवर काम करणारी असू द्या. पुण्यात असे काम करणाऱ्या दोन वकील बाई माझ्या माहितीतल्या आहेत, त्यांना विचारून तुम्हाला निरोपातून कळवतो.